टाक्यांना रात्रीची झोप हवी

गाय व्याली की आपण काय करतो? पोराटोरांना गोठ्यात फिरकू देत नाही, कुत्रं हाकलतो, पहिले दोन दिवस तिला निवांत बसू देतो. मग ऑपरेशन झालेल्या आपल्याच माणसाला ही निवांत रात्र का मिळू नये?

हर्निया असो की मुतखडा, आपण दुखणं सुगी होईपर्यंत अंगावर काढतो आणि उन्हाळ्यात दवाखाना गाठतो. नेमके तेच लग्नसराईचे, जत्रांचे दिवस. रस्त्यावर डीजे, आणि वॉर्डात? कुणाच्या मोबाईलवर मोठ्यानं कीर्तन, खाटेखाली डब्यांचा खणखणाट, रात्री नऊला जीप भरून आलेली भेटायची माणसं. कीर्तन चांगलंच, पण पोटाला टाके घातलेल्या शेजारच्या बाईला ते रात्री अकराला नको असतं.

झोपमोड झाली की दुखणं जास्त जाणवतं, रक्तदाब वाढतो. म्हातारी माणसं तर ऑपरेशननंतर कधी कधी भ्रमात जातात, असंबद्ध बोलतात, सलाईन ओढून काढतात. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. अहो, त्यामागं औषधं, जंतुसंसर्ग अशी कारणं असतात आणि झोप न होणं त्यात भर घालतं. असं दिसलं की देवऋषी शोधू नका, सिस्टरला लगेच सांगा. झोप येत नाही म्हणून हट्टानं लवकर घरी जाणारेही थोडे नाहीत. त्यांच्या जखमेकडे मग कोण बघणार?

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये रात्री वॉर्डात सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली. साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं! तेव्हा सुरुवात आपल्यापासूनच. रात्री रुग्णाजवळ एकच माणूस थांबावा. भेटायला गेलो नाही तर लोक नावं ठेवतील, ही भीती सोडा. चौकशी दिवसा करा. मोबाईलचा आवाज बंद ठेवा. मशीन वाजलं तर मात्र स्वतः बटणं दाबू नका, सिस्टरला हाक मारा.

सिस्टरनं रात्री उठवलं तर रागावू नका. पहिल्या रात्री नाडी, रक्तदाब बघावाच लागतो. मात्र तपासणी आणि इंजेक्शन शक्य तिथं एकाच वेळी उरकावं, दहानंतर मोठे दिवे मालवावेत, एवढं रुग्णालयानंही पाहावं. ट्रॉलीच्या चाकांना तेल, स्टुलांना रबरी टोपणं, दाराला रबर यांना कितीसा खर्च? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय कुणी काढलेला आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्यासाठी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते, ती सरकारनं दिली तरच. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या दवाखान्याभोवती किमान १०० मीटरपर्यंत हॉर्न आणि फटाके यांनाही बंदी आहे. आपल्या गावचा दवाखाना तसा जाहीर झाला आहे का, हे तहसील कार्यालयात विचारा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून मागणी करा. आणि वरातीचा मार्ग ठरवताना नवरदेवाच्या वडिलांना आधीच सांगा, की दवाखान्यापुढं वाजंत्री बंद. ऐन वरातीत सांगायला गेलं तर भांडणं होतात.