शरीराची रात्र घड्याळाला विचारून संपत नाही

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले विमानतळ आठवून पाहा. बॅगांचे डोंगर, काउंटरसमोर हात जोडणारे प्रवासी, लग्नघरी न पोहोचलेले वऱ्हाड. ५ तारखेला एका दिवसात इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी या एकाच कंपनीतून उडतात, त्यामुळे दुसरी वाटही नव्हती. कारण सांगितले गेले ते वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचे. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली, आणि बऱ्याच जणांच्या मनात ‘हे नियमच जाचक’ अशी नोंद झाली. ती नोंद तपासून पाहायला हवी.

नियम अचानक आलेले नाहीत. ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. जूनपासून लागू व्हायचे होते, ते पुढे ढकलले गेले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात होते, तिथून टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ठरली : पहिला टप्पा १ जुलै २०२५, दुसरा १ नोव्हेंबर २०२५. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीच्या उड्डाणांतील लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. आणि ‘रात्र’ म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत, ही व्याख्या सहापर्यंत ताणली गेली.

हा शेवटचा बदल कागदावर किरकोळ वाटतो. एकच तास! पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते प्रामुख्याने उजेडावर चालते. पहाटे दोन ते सहा या वेळात ते आपल्याला सर्वाधिक खाली ओढते. शरीराचे तापमान उतरते, प्रतिक्रिया मंदावतात, लक्ष क्षणाक्षणाला निसटते. आदल्या दिवशी दुपारी झोप काढली म्हणून हा उतार टळत नाही, फार तर सौम्य होतो. जुन्या नियमाची रात्र नेमकी या उताराच्या मधोमध संपत होती. सहाच्या विमानाचा वैमानिक पाचला विमानतळावर हजर असतो, म्हणजे घरून चारच्या सुमारास निघतो आणि उठतो तीनला. त्याचे काम मात्र नियमाच्या लेखी दिवसपाळीत जमा व्हायचे.

या झोपेची किंमत आपण मोजलेली आहे. २२ मे २०१०. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत होते. विमानतळ टेकडीवर, धावपट्टीच्या पलीकडे दरी. चौकशी समितीचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन सुमारे एक तास चाळीस मिनिटे झोपलेले असल्याचे आढळले. घोरण्याचा आवाजही त्यात होता. उतरण्याच्या थोडेच आधी ते जागे झाले. विमान प्रमाणापेक्षा उंच आणि वेगात होते. सहवैमानिकाने तीनदा पुन्हा वर घेण्यास सुचवले. यंत्रणाही इशारे देत होती. निम्म्याहून अधिक धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली. १५८ जण गेले, आठ वाचले.

यातला ‘जागे झाले’ हा शब्द फसवा आहे. गाढ झोपेतून उठल्यावर डोळे उघडतात, माणूस बोलू लागतो, पण मेंदूचा निर्णय घेणारा भाग मागाहून येतो. कधी पंधरा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, पहाटे आणखी उशिरा. रात्री दोनला फोन उचलून आपण काय बोललो हे सकाळी न आठवणे, हा त्यातलाच घरगुती प्रकार. कॅप्टनने लँडिंग सोडून दिले नाही हे अपघाताचे थेट कारण समितीने नोंदवले, आणि हे झोपेचे जडत्व त्यामागे असू शकते असेही म्हटले.

म्हणजे कॉकपिटमधली डुलकी वाईटच का? तसेही नाही. लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर ‘नासा’ने केलेल्या अभ्यासात वैमानिकांना चाळीस मिनिटांची सवड दिली, ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि पुढच्या टप्प्यात अधिक सावध राहिले. फरक आहे तो आखून, जोडीदाराला सांगून, उतरण्याच्या बराच आधी संपवलेल्या डुलकीत आणि नकळत लागलेल्या झोपेत. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक २८ मिनिटे एकाच वेळी झोपले होते. विमान मार्ग सोडून गेले, सुदैवाने सुखरूप उतरले. एका वैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी बाळे होती. ड्युटीच्या तक्त्यात ती बाळे दिसत नाहीत.

इथेच या नियमांचीही मर्यादा आहे. तासांची विश्रांती देता येते, झोप देता येत नाही. दारूसाठी वैमानिकाला नळीत फुंकावे लागते आणि अंशभरही चालत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पण थकवा मोजणारी अशी नळी अजून नाही. उरते ते वैमानिकाने स्वतःहून ‘मी आज थकलोय’ असे सांगणे. नव्या नियमांत कंपन्यांनी थकव्याचे अहवाल दर तिमाहीला डीजीसीएला द्यायचे आहेत. ‘थकलो’ म्हणणाऱ्याची पुढची बढती अडत असेल तर त्या अहवालात काय येणार, हे सरकारी कार्यालयात रजेचा अर्ज केलेल्या कुणालाही कळेल.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. त्याच वेळापत्रकासाठी आता जास्त वैमानिक लागतात, ते तयार व्हायला वेळ लागतो आणि त्याचा खर्च अखेर तिकिटात येतो. अमेरिकेने २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर (मृत ५०) असेच नियम केले, ते लागू व्हायला २०१४ उजाडले. तयारीला वेळ हवा, हे मान्य. पण इथे जाहीर झाल्यापासून जवळपास दोन वर्षे मिळाली होती. त्या काळात रात्रीची उड्डाणे किती वाढवली आणि वैमानिक किती घेतले, हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी विचारले पाहिजे. प्रवाशांच्या संतापात तो प्रश्न हरवला.

ही सूट १० फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. पुन्हा कधी ‘थोडी आणखी सवलत’ मागितली गेली, तर ती कोणत्या तासांसाठी आहे एवढे मात्र बातमीत नीट वाचावे. पहाटे पाच ते सहाचा तास त्यात असेल, तर मंगळूरचे विमान त्याच सुमारास, सहा वाजून पाच मिनिटांनी कोसळले होते.