उसण, पाणी आणि पाण्याची जबानी

मराठी माणसाच्या बरगडीत चमक निघाली, श्वास अर्ध्यावर अडखळू लागला आणि खोकताना त्याने कूस हाताने दाबून धरली, की घरातील वडीलधारी मंडळी त्या विकाराला 'उसण भरली' असे नाव देऊन मोकळी होतात. आणि एकदा हे नाव दिले गेले की त्यावरील इलाजही परंपरेने ठरलेला असल्यामुळे, गल्लीतला किंवा शेजारच्या वाडीतला कोणी पायाळू, म्हणजे जन्मतेवेळी ज्याचे पाय आधी बाहेर आले असा मनुष्य, शोधून आणून त्याचा पाय रोग्याच्या पाठीला लावविला जातो. या विधीची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्या उसणा खरोखरीच स्नायूंच्या असतात त्या दोनचार दिवसांत आपण होऊनच उतरतात आणि यश पायाळूच्या खाती जमा होते, हे तो पायाळूही मनातून जाणून असतो. परंतु जी उसण स्नायूची नसून फुप्फुसावरील आवरणाची असते तीही पुष्कळदा अशीच उतरते, आणि ती का उतरली हे न कळल्यामुळे जो घोटाळा होतो, त्याची कैफियत आजच्या सदरात मांडावयाची आहे.

फुप्फुसाला बाहेरून लपेटलेला एक आणि छातीच्या भिंतीला आतून चिकटलेला दुसरा, असे दोन तलम पडदे निसर्गाने एकमेकांसमोर ठेवलेले आहेत, व श्वासागणिक ते एकमेकांवरून घसरावेत म्हणून त्यांच्या दरम्यान, प्रत्येक बाजूस चहाचे दोनएक चमचे भरतील इतकाच द्रव वंगणादाखल राखलेला आहे. हा द्रव साठवणीचा नव्हे. भिंतीकडील पडद्यातून तो सतत पाझरतो आणि त्याच पडद्यातील लसिकावाहिन्या तो सतत शोषून नेतात. पडद्याला दाह झाला म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत होऊन एकमेकांवर घासू लागतात, आणि संवेदनेच्या नसा भिंतीकडील पडद्यात असल्यामुळे सुई टोचल्यासारखी ती वेदना उठते जिला आपण उसण म्हणतो. पुढे दाहामुळे पाझर वाढतो, शोषण तुंबते, दोन पडद्यांच्या मध्ये पाणी भरत जाते, आणि पडदे एकमेकांपासून दुरावल्यामुळे घासणे थांबून दुखणे नाहीसे होते! म्हणजे ज्या दिवशी रोगी समाधानाने 'आता उतार पडला' म्हणतो, पुष्कळदा त्याच दिवसापासून त्याचे फुप्फुस बुडावयास लागलेले असते.

इचलकरंजीहून आलेल्या एका यंत्रमाग कामगाराची हकीकत अशीच होती. वय बाविशीच्या आतले, रात्रपाळीची सवय, अंगाने मुळातच किरकोळ. दीड महिन्यापूर्वी उजव्या कुशीत उसण भरली, पायाळू झाला, चार दिवसांत दुखणे गेले. मग संध्याकाळी अंगात कणकण, अन्नावरची वासना उडालेली, आणि अलीकडे माडीवर चढताना दम. मध्यंतरी एका ठिकाणी त्याच्या छातीतून पाणी काढलेही होते. ते कसले निघाले, किती निघाले, कोठे तपासले, असे मी विचारले तेव्हा आईने पिशवीतील सगळे कागद मेजावर ओतले. त्यांत औषधांच्या पावत्या होत्या, एक्स-रेचे पाकीट होते, परंतु पाण्याच्या तपासणीचा एकही कागद नव्हता. पाणी मोरीत गेले होते.

पोराला पाठमोरा बसवून मी पाठीवर बोटाने ठोकून पाहिले. डावीकडे पोकळ घुमणारा नाद उजवीकडे खांद्याच्या पात्याखाली येताच एकाएकी मेला, आणि तेथून खाली दगडावर ठोकावे तसा बद्द आवाज लागला. ही ठोकून पाहण्याची विद्या आज यंत्रांच्या गर्दीत मागे पडली असली तरी तिचा इतिहास रंजक आहे. ग्राझ येथील एका खाणावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर याने व्हिएन्नाच्या इस्पितळात रोग्यांच्या छात्या ठोकून, मेलेल्यांच्या छात्या उघडून ताळा जमवून, १७६१ मध्ये या विषयावर एक लहानसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. दारूच्या पिंपात माल किती उरला हे बापाला पिंप ठोकून ठरविताना पाहिल्यावरून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. समकालीनांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा कोठे ती विद्या रुजू झाली, आणि पुढल्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. कुंभारवाड्यात माठ ठोकून घेणाऱ्या आमच्या आयाबायांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

एक्स-रेमध्ये पाणी दिसावयास ते सामान्यतः दोनशे मिलीलिटरच्या घरात जावे लागते. सोनोग्राफीला त्याहून पुष्कळ कमी पुरते, शिवाय सुई कोठे घालावी हेही ती दाखविते. पण दोन्हींचा अहवाल पाणी 'आहे' येथवरच बोलतो, आणि दुर्दैवाने पुष्कळ घरांतून, व कबूल करावयास लाज वाटते, पुष्कळ दवाखान्यांतूनही, हाच अहवाल निदान म्हणून स्वीकारला जातो. त्यात आपल्या भाषेने आणखी एक गोंधळ घालून ठेवला आहे. 'फुप्फुसात पाणी झाले' हे एकच वाक्य आपण दोन निराळ्या आपत्तींना लावतो: हृदय एकाएकी थकून फुप्फुसाच्या आतल्या वायुकोशांतच पाणी उतरते ती एक, जिच्यात घटका-दोन घटकांत प्राणावर बेतते आणि सुईचा काडीमात्र उपयोग नसतो; आणि फुप्फुसाच्या बाहेर पडद्यांमध्ये साठते ती दुसरी, जिचा आज विचार चालला आहे. शेजारणीच्या अनुभवावरून आपल्या घरातल्या रोग्याचे भवितव्य ठरविणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतलेला बरा.

पुन्हा पाणी काढावे लागेल म्हणताच ती माउली हात जोडून उभी राहिली. "सायेब, पानी काढू नगासा. एकदा काढलं की दर म्हैन्याला काढाय लागतंय. माझ्या चुलतदिराचं तसंच झालं." ही समजूत मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, आणि तिला आधार नाही असे म्हणवत नाही, कारण कर्करोगामुळे भरलेले पाणी खरोखरीच पुनःपुन्हा भरते. मात्र ते सुईने भरत नाही, आत रोग बसलेला असतो म्हणून भरते. अशा वेळी पडद्यांमध्ये शुद्ध केलेली शंखजिऱ्याची पूड सोडून ते एकमेकांस चिकटविता येतात, किंवा बारीक नळी कायमची बसवून घरच्या घरी पाणी काढण्याची सोय करून देता येते, ज्यामुळे निदान श्वासाचे हाल तरी टळतात. चुलतदीर कशाने गेले, असे मी विचारले. "गाठीनं," ती म्हणाली, आणि मग तिने विरोध सोडला.

पोराला स्टुलावर बसवून समोरच्या मेजावर उशी ठेवली आणि तिच्यावर हात व मस्तक टेकावयास सांगितले. कातडी बधिर केली, आणि सुई बरगडीच्या वरच्या काठाला धरून आत घातली, कारण खालच्या काठाला नस आणि रक्तवाहिन्या लपलेल्या असतात व तेथे चूक क्षम्य नाही. करडईच्या तेलासारखे पिवळसर, स्वच्छ पाणी पिचकारीत आले. नऊशे मिलीलिटरला पोरगा खोकू लागला, छाती आवळल्यासारखी होते म्हणाला, आणि आम्ही थांबलो. दबलेले फुप्फुस घाईने फुगले तर त्याच्या आतच पाणी उतरण्याचा धोका असतो; एका बैठकीत दीड लिटरपलीकडे सहसा जाऊ नये हा दंडक त्यासाठीच आहे. सिस्टरने नळीत वेगळे ठेवलेले थोडे पाणी तासाभराने पाहिले तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरली होती. जुने वैद्य एवढ्यावरच मनाशी काही ठरवीत.

पाणी हा रोग नव्हे, साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराची जबानी न घेता त्याला मोरीत सोडून देणाऱ्यास मी अपराधी समजतो. अमेरिकेतील रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये या जबानीतील पहिला प्रश्न घालून दिला: पाण्यातील प्रथिन रक्तातील प्रथिनाच्या निम्म्याहून अधिक आहे काय, एलडीएच नावाचे द्रव्य रक्ताच्या सहादशांशाहून अधिक आहे काय, किंवा ते रक्तातील निरोगी कमाल मर्यादेच्या दोनतृतीयांशावर गेले आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर पडदाच आजारी आहे असे धरावे. तिन्ही नकारार्थी आली तर पडदा बिचारा निर्दोष असून गुन्हा हृदयाचा, यकृताचा वा मूत्रपिंडाचा आहे. हृदय दुबळे झालेल्या वृद्धाच्या दोन्ही बाजूंना सारखे पाणी असेल आणि ताप नसेल, तर बहुधा सुईही लागत नाही; लघवी वाढविणाऱ्या औषधाने ते उतरते. उलट न्यूमोनियानंतर पाण्याचा पू होऊ लागला, तर एक दिवसही न दवडता नळी घालून तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली बुडवून ठेवावे लागते; तेथे नुसत्या गोळ्यांवर विसंबणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

या पोराच्या पाण्यात प्रथिन भरपूर, पेशींत लसिकापेशींचेच राज्य, आणि एडीए ही चाचणी चाळिसाच्या बरीच वर. क्षयाचे जंतू मात्र दिसले नाहीत, आणि ते दिसले नाहीत म्हणून क्षय नाही असा निकाल देणे हीदेखील एक नित्याची चूक आहे. कारण या पाण्यात जंतू थोडे आणि शरीराचा त्यांच्यावरील संतापच फार. जेथे संशय उरतो तेथे पडद्याचा तुकडा काढून तपासतात. परंतु आमच्या देशात, या वयात, प्रथिन, लसिकापेशी आणि एडीए एवढा पुरावा क्षय ठरविण्यास पुरेसा होतो. मात्र तो घेतल्याविना, केवळ 'पाणी आहे म्हणजे टी.बी.च' या न्यायाने सहा महिन्यांच्या औषधांचा हुकूम सोडणारे जे आहेत, ते एखाद्या कर्करोगाच्या रोग्याचे मोलाचे महिने फुकट घालवितात.

दुसऱ्या टोकाची माणसे, म्हणजे पाणी आटले की औषध नकोच म्हणणारी, याहून धोक्याची. क्षयाचे पाणी पुष्कळदा औषधावाचूनही आटते! अमेरिकी लष्करातील अशा, औषधांच्या जमान्यापूर्वीच्या, १४१ जणांचा मागोवा १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ६५ टक्क्यांना पुढे क्षय कोठे ना कोठे उपटला असे आढळले. उसण गेली, पाणी गेले, आणि रोग राहिला.

पोराचा इलाज ठरला तो असा: पहिले दोन महिने क्षयाची चार औषधे व पुढले चार महिने तीन, वजनाच्या मानाने, रोज, सरकारी केंद्रातून विनामूल्य. बेडका तपासून घेणे. आणि निक्षय पोषण योजनेचे दरमहा पैसे, जे २०१८ पासून पाचशे होते व नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत, ते बँकेत जमा होतात की नाही याचा पाठपुरावा. या पाण्यासाठी पुन्हा सुई लागली नाही. लघवी भगवी झाल्याचे पाहून माय-लेक एकदा घाबरून आले होते. तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग, रक्त नव्हे, हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते, आणि त्यात दोष आमचाच.

दोन महिन्यांनी फोटोत उजवा कोपरा बहुतेक मोकळा झाला होता आणि वजन चार किलोने वाढले होते. जाता जाता आई उंबऱ्यात थबकली. "सायेब, त्या पायाळूला नारळ द्यायचा राहिलाय. उसण त्यानंच उतरवली हुती. दिऊ न्हवं?"

"द्या की," मी म्हणालो, "पण त्याला म्हणावं, पुढल्या खेपेला पाय लावायच्या आधी ताप येतो का, एवढं विचारत जा."

— नाडीपरीक्षक