नाव गाळलेल्या शुभेच्छा

डिसेंबर उजाडला की खराडीचे रूप पालटते. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव एका पिढीपूर्वीपर्यंत शेतीवर जगत होते. आज तेथे इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचे काचेचे मनोरे उभे आहेत. या दिवसांत प्रवेशद्वाराशी झाड सजते, कापसाचा बर्फ पसरतो, पहारेकऱ्याच्या डोक्यावर लाल टोपी येते. आत बसलेल्या हजारो मराठी तरुणांच्या संगणकावर शुभेच्छापत्र येऊन पडते : ‘हॅपी हॉलिडेज’. त्यात येशूचे नाव नसते आणि नाताळचेही नसते. नाव गाळले की सर्वांचा समावेश झाला, अशी पाठवणाऱ्याची समजूत असते. हे सर्वसमावेशकतेचे नवे शास्त्र एकदा तपासून पाहिलेच पाहिजे.

या शुभेच्छेचा जन्म अमेरिकेतला. तेथे नाताळ, ज्यूंचा हनुका, कृष्णवर्णीय समाजाने १९६६ पासून सुरू केलेला क्वान्झा आणि नवे वर्ष हे सारे थोड्याच आठवड्यांत येते. समोरचा कोणता सण पाळतो हे ठाऊक नसले की तेथील दुकानदाराला एक गुळमुळीत शब्द हवा असतो. आता या ‘निधर्मी’ शब्दाची गंमत अशी की ‘हॉलिडे’ हा शब्दच मुळी ‘पवित्र दिवस’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आलेला आहे. धर्म दाराबाहेर काढायला निघालेल्यांनी त्याला खिडकीतून आत घेतले, ते असे !

ज्यांच्या सणाचे नाव गाळले गेले, त्यांना तरी ते रुचले काय ? इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने १९९७ आणि १९९८ च्या हिवाळ्यात सर्व कार्यक्रमांना मिळून ‘विंटरव्हल’ असे नाव दिले. नाताळ रद्द केल्याचा तेव्हाचा आरोप खरा नव्हता. नाताळचे कार्यक्रम त्यात होतेच. तरीही खुद्द तेथील बिशपनी त्या नावावर टीका केली. २०२१ मध्ये युरोपीय आयोगाच्या अंतर्गत मार्गदर्शिकेने ‘ख्रिसमस’ऐवजी नुसते ‘सुट्टीचे दिवस’ म्हणण्याचे सुचवले आणि गदारोळ होताच ३० नोव्हेंबरला ती मागे घेतली गेली. जे युरोपला पचले नाही, ते खराडीने का गिळावे ?

पुण्यात तर हा उसना शब्द साफ खोटा पडतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा शीख बांधवांसाठी बलिदानस्मरणाचा आठवडा आहे. गुरू गोविंदसिंगांचे थोरले दोन पुत्र चमकौरच्या लढाईत पडले, तर धाकट्या दोघांना सरहिंद येथे मारले गेले. २०२२ पासून २६ डिसेंबर हा देशभर ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळला जातो. ज्या गुरूंनी १७०८ मध्ये महाराष्ट्रातील नांदेड येथे देह ठेवला, त्यांच्या पुत्रांच्या स्मृतीने व्याकूळ झालेल्या घरात ‘हॅपी’ शब्द पोहोचवणे याला समावेश म्हणायचे काय ? सर्वांना उद्देशून बोलणारा मनुष्य समोरच्याची चौकशीच करीत नाही. चौकशी न करण्याला उदारता म्हणणे ही या युगाची चतुराई आहे.

प्रश्न एका पत्राचा असता तर दुर्लक्ष करता आले असते. पण तोच रंधा आता दिवाळीवर फिरू लागला आहे. आश्विन-कार्तिकात जाहिराती पाहाव्यात. वसुबारस नाही, नरकचतुर्दशी नाही, लक्ष्मीपूजन नाही. आहे तो केवळ ‘फेस्टिव्ह सीझन’. पणतीचे चित्र असते, पण पणती कोणासमोर लावायची हे सांगायचे नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये फॅबइंडियाच्या ‘जश्न-ए-रिवाज’ जाहिरातीवरून देशभर संताप उसळला आणि ती जाहिरात मागे घ्यावी लागली. ते वस्त्रसंग्रह दिवाळीचे नव्हतेच, असा कंपनीचा खुलासा होता. खुलासा मान्य केला तरी प्रश्न उरतोच. हिंदू समाजाचा राग उर्दू शब्दांवर नव्हता. खरेदी दिवाळीची, पैसा दिवाळीचा आणि नाव तेवढे दुसरे, या व्यवहाराला समाज कंटाळला होता.

परदेशी ग्राहकाचे काम करणाऱ्या कार्यालयाचे वर्ष त्या ग्राहकाच्या दिनदर्शिकेवर चालते. नाताळात तिकडचे काम थंडावते म्हणून इकडे सवड मिळते आणि भाऊबीजेला तिकडे काम सुरू म्हणून इकडचा भाऊ बहिणीच्या घरी उशिरा पोहोचतो. पोटासाठी वेळापत्रक दुसऱ्याचे पाळावे लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला कोणत्या शब्दांत शुभ चिंतावे, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. ती गुलामी स्वखुशीची आहे.

या भूमीची रीत अगदी वेगळी होती. येथे ‘रामराम’ला ‘रामराम’ मिळाला, ‘जय जिनेंद्र’ला ‘जय जिनेंद्र’ मिळाला, ‘सत श्री अकाल’ला तेच उत्तर मिळाले. कोणी कोणाला नाव गिळायला सांगितले नाही. पुण्याच्या कॅम्पात १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला पुणेकरांनी ‘लाल देऊळ’ म्हटले; परक्या उपासनेच्या घराला आपल्या भाषेतला सर्वांत आदराचा शब्द दिला. खराडीवरून जाणारा रस्ता ज्या नगरला पोहोचतो, त्या आजच्या अहिल्यानगरात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही मराठी कीर्तनाची आणि भजनाची वाट सोडली नाही. धर्मांतराविषयी हिंदू समाजाचे मत काहीही असो, ख्रिस्ताचे नाव मराठीत घ्यायला टिळकांना संकोच वाटला नाही, ही गोष्ट खरी. मराठीने तर पोर्तुगीज ‘नाताल’चा ‘नाताळ’ करून तो शब्द केव्हाच घरचा केला आहे. नाव घेऊन सामावून घेणारी ही परंपरा नाव पुसून सामावल्याचा देखावा करणाऱ्या परंपरेपुढे कमी ती काय ?

येथे स्वकीयांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा देऊच नयेत, असे संदेश दर डिसेंबरात फिरतात. हा बाणा बळाचा नव्हे, धास्तीचा आहे. ज्याच्या देवघरातील दिवा तेवत असतो, त्याला शेजारच्या घरातील दिव्याचे भय वाटत नाही. शेजाऱ्याची रेघ पुसून आपली मोठी होत नसते. ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा नाताळचे नाव घेऊनच द्याव्यात आणि त्याच ताठ मानेने संक्रांतीला त्याच्या हातावर तिळगूळ ठेवावा. मात्र तिळगूळ देताना ‘हॅपी सीझन’ म्हणू नये. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असेच म्हणावे. त्या चार शब्दांत साऱ्या जगाला पुरेल एवढी सर्वसमावेशकता आहे.

जग या बाबतीत पुढे गेले आहे. न्यूयॉर्क राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा करून शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी दिली, ती दिवाळी म्हणूनच. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत जे नाव कोरले, ते ‘दीपावली’ असेच. परदेशात स्थायिक झालेल्या हिंदूंनी सणाचे नाव लपवले नाही, म्हणून परदेशाला ते नाव घ्यावे लागले.

मग खराडीच्या मनोऱ्यात बसलेल्या तरुणानेच नाव उच्चारताना आवंढा का गिळावा ? मार्गशीर्षात गीता जयंती येते, चंपाषष्ठीला जेजुरीचा भंडारा उधळतो, पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो. हे सारे त्याच डिसेंबरच्या आसपासचे आहे. केवळ त्या शुभेच्छापत्रात त्याला जागा नाही. ती जागा कोणी आणून देणार नाही. सहकाऱ्याकडे वळून ‘दत्तजयंतीच्या शुभेच्छा’ म्हणण्याचे धैर्य ज्या दिवशी एकेकाला होईल, त्या दिवशी ती आपोआप निर्माण होईल. नाव घेतले की सण जगतो. नाव गाळले की उरते ती नुसती सुट्टी.