चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन बोटीवर : खोली कोणती घ्यावी?

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातील सूनबाईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "यंदा बाग बरी गेली. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटीने दोन-तीन दिवस समुद्रावर हिंडून यावे, असे घरात चालले आहे. मुले तीन. थोरला सात वर्षांचा, मधला चार वर्षांचा आणि धाकटी दीड वर्षाची. ह्यांचे म्हणणे असे की, चौघांची एकच खोली घेऊ, धाकटी काय, कुशीत मावेल. पण मग सासूबाईंना घरीच ठेवावे लागते. त्यांना समुद्र पाहायची फार हौस आहे. शिवाय एवढ्याशा खोलीत तीन पोरे सांभाळायची कशी, याची मला धास्ती वाटते. काय करावे?"

प्रश्न अगदी योग्य वेळी विचारला आहे. बोटीवर चढल्यावर खोली बदलून मिळणे कठीण असते, म्हणून विचार करायचा तो पैसे भरण्याआधी. बोटीचा प्रवास आपल्याकडे नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींनी कोकणातली आणि गोव्याकडची माणसे कितीतरी वर्षे ये-जा करीत. डेकवर वळकटी पसरायची आणि पोरांना मध्ये निजवायचे. ती वाहतूक पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' ही सहलीची बोट सुरू झाली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट आधी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने परदेशात फिरत होती. अशा बोटीवर डेकवर झोपायचे नसते. प्रत्येक कुटुंबाला खोली, म्हणजे केबिन, घ्यावी लागते.

या खोल्या मुख्यतः चार प्रकारच्या असतात. पहिली आतली खोली. तिला खिडकी नसते, म्हणून ती सर्वांत स्वस्त. भर दुपारीही आत काळोख करता येतो, त्यामुळे तान्ही मुले छान झोपतात. पण रात्री जाग आली की डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही आणि पोर घाबरून रडू लागते. न्हाणीतला दिवा लावून दार किलकिले ठेवावे. दुसरी खिडकीची खोली. हिची काच पक्की बसवलेली असते, उघडत नाही. उजेड येतो, समुद्र दिसतो आणि पोर खिडकीशी उभे राहिले तरी भीती नाही. तिसरी सज्जाची आणि चौथी ऐसपैस सुईट. यांचे भाडे बरेच चढे असते.

खोली म्हणजे आपले माजघर समजू नका. साधी खोली दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या आसपास असते. जुन्या बोटींवर त्याहूनही लहान, आणि त्यातच न्हाणी-संडास. खाली दोन पलंग आणि भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन बर्थ, अशी चौघांची सोय असते. रात्री वरचे बर्थ उघडले, शिडी लावली, की पाय टाकायला जागा उरत नाही.

आता "धाकटी कुशीत मावेल" या म्हणण्याविषयी. एस.टी.त मांडीवरचे मूल चालते, बोटीवर चालत नाही. बोटीवरचा प्रत्येक जीव, मग तो तान्हा का असेना, मोजून धरलेला असतो. संकट आले तर जीवरक्षक होडीत त्याची जागा ठरलेली असावी लागते. त्यामुळे चौघांच्या खोलीत पाचवे नाव बसत नाही. काही बोटींवर पाच-सहा जणांच्या कुटुंबखोल्या असतात, पण त्या मोजक्याच आणि लवकर भरतात. बहुतेक घरांना दोन खोल्याच घ्याव्या लागतात.

दोन खोल्या म्हटल्या की यजमानांच्या कपाळाला आठी पडेल. पण हिशेब नीट मांडून पाहावा. पुष्कळ कंपन्या खोलीतल्या पहिल्या दोघांचे पूर्ण भाडे घेतात आणि तिसऱ्या-चौथ्याचे कमी लावतात. पाच माणसांना दोन खोल्या घेतल्या तर एका खोलीत तिघे आणि दुसरीत दोघे. मग सहावे माणूस दुसऱ्या खोलीतले तिसरे ठरते. म्हणजे सासूबाईंना नेण्याचा वाढीव खर्च वाटतो तेवढा नसतो. दलालाकडून दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या, पाच जणांचा आणि सहा जणांचा. बंदराचे शुल्क आणि कर बहुधा माणशी वेगळे लागतात, तेही त्यात धरायला सांगा. नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेले तिकीट शेवटी महाग पडते.

दोन खोल्या घेताना एक शब्द पक्का ध्यानात ठेवा. "शेजारच्या खोल्या" आणि "आतून दार असलेल्या खोल्या" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या खोलीत जायला बोळात यावे लागते. आतून दार असले की दोन्ही खोल्यांचे एक घर होते. आपल्याला हवे ते दार. ते नाही मिळाले तर बोळाच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोरच्या खोल्या घ्याव्यात, एक खिडकीची आणि एक आतली. खर्चही कमी होतो. मात्र प्रत्येक खोलीत एक जाणते माणूस झोपलेच पाहिजे.

झोपण्याची मांडणी आधीच करावी. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर कधीही निजवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. या घरापुरते बोलायचे तर एका खोलीत सूनबाई आणि सासूबाई खालच्या दोन पलंगांवर, धाकटी पाळण्यात. दुसऱ्या खोलीत यजमान आणि मधला खाली, थोरला वर. थोरल्याला तर वरचा बर्थ म्हणजे मोठा मान वाटेल. पाळणा बोटीवर मिळतो, पण मोजकाच असतो. तिकीट काढतानाच तो मागावा. घरच्यासारखी साडीची झोळी मात्र बांधू नका. छताला जी पितळी बोंडे दिसतात ती आगीच्या वेळी पाणी फवारण्यासाठी असतात. त्यांना काही टांगले तर बोंड तुटून खोलीभर पाणी होईल.

खोली कोणत्या जागी आहे, हेही पाहावे. एस.टी.च्या मागच्या बाकावर धक्के जास्त आणि मधल्यावर कमी, हे आपण जाणतोच. बोटीचेही तसेच आहे. मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते, आणि बहुधा स्वस्तही असते. अगदी पुढच्या टोकाला पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट, तर मागच्या टोकाला यंत्राची थरथर. वर भोजनगृह किंवा पोहण्याचा तलाव असेल तर खुर्च्या ओढल्याचा आवाज रात्री-पहाटे येतो. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, अशी जागा उत्तम. कंपनीकडे मजल्यांचा नकाशा असतो. तो मागून घ्यावा आणि आपल्या खोलीच्या नंबरावर बोट ठेवून पाहावे.

सज्जाविषयी स्पष्टच सांगते. लहान मुले असतील तर सज्जाची खोली घेऊ नये. अमेरिकेने २०१० साली कायदा करून कठड्याची उंची किमान ४२ इंच ठरवून दिली. पण चार वर्षांच्या पोराने खुर्ची ओढून वर पाय ठेवला की ती उंची काय कामाची? कठडा नसलेल्या विहिरीशी आपण पोराला एकटे सोडत नाही. सज्जाची गत त्याहून वाईट, कारण खाली भर समुद्र असतो. समुद्र पाहायला वर मोठे डेक आहेत. तिथे मुलाचा हात धरून उभे राहावे.

बोटीवर पाय ठेवताच पहिले काम खोलीच्या माणसाला मुलांची संख्या आणि वये सांगण्याचे. मुलांची जीवरक्षक जाकिटे वेगळी असतात आणि तान्ह्यांची त्याहून वेगळी. ती हाती आल्याशिवाय स्वस्थ बसू नये. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली आणि १९१४ साली सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. मुलांसाठी जाकिटे ठेवण्याचे बंधन आज त्याच कराराच्या सुधारलेल्या नियमांत आहे. बोट सुटण्याआधी किंवा सुटताच सर्व उतारूंना कुठे जमायचे ते दाखवतात. त्या वेळी खोलीत आवराआवर करीत बसू नये, सर्वांनी जावे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घराघरांत ती आठवण अजून आहे.

काही बारीकसारीक गोष्टी. खोलीचे दार जड असते, बोटे चेंगरतात, म्हणून ते मोठ्यांनीच लावावे. न्हाणीला उंच उंबरा असतो, पोर अडखळते. बादली नसते, वरून फवारा असतो. एक प्लॅस्टिकचा तांब्या बरोबर असावा. संडासाचे पाणी एकदम मोठा आवाज करून जाते, मुलांना आधी सांगून ठेवावे. शेगडी, इस्त्री, पाणी तापवायचे कॉइल नेता येत नाही. दूध-पाणी गरम करून मागावे. उलटीचे औषध लहानग्यांना मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारून न्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला पुष्कळ कंपन्या घेत नाहीत. चोविसाव्या आठवड्यात पोचलेल्या गरोदर बाईलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते. आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, हे तर आपण जाणतोच.

तेव्हा सूनबाई, दोन खोल्या घ्या. मध्यावरच्या, खालच्या मजल्यावरच्या, आतून दार असलेल्या. एकीला खिडकी असली तर फारच छान. सासूबाईंना न्याच. त्या गेल्या म्हणजे रात्री धाकटी उठली तर दुसरे जाणते माणूस हाताशी असेल, आणि त्यांची हौसही पुरी होईल. दोन खोल्यांचा खर्च यंदा झेपत नसेल तर एका खोलीत कोंबून जाऊ नका. पुढच्या हंगामापर्यंत थांबा. धाकटी तोवर आणखी थोडी कळती होईल, आणि समुद्र काही कुठे जात नाही.