'डू द नीडफुल'ला हसणं आता पुरे

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहिते. पटलं नाही तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या पालकांच्या ग्रुप्समध्ये दर थोड्या दिवसांनी एक यादी फिरते, 'भारतीयांच्या इंग्रजीतल्या चुका'. त्यात 'प्लीज डू द नीडफुल' हमखास असतं. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मग कुणीतरी कौतुकाने लिहितं, "आमची लेक तर बाबांचे ईमेल दुरुस्त करते!"

माझं म्हणणं असं, की हे वाक्य चूक नाहीच. ते कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हा खरा प्रश्न आहे. तो आपण मुलांना शिकवत नाही. हसायला मात्र शिकवतो.

आधी व्याकरणाचं बघू. 'नीडफुल' म्हणजे गरजेचं. विशेषणाला 'द' लावून त्याचं नाम करायचं ही इंग्रजीची जुनीच सवय. 'द पुअर', 'द रिच' म्हणतो की आपण. हा वाक्प्रयोग ब्रिटनमध्येही एकेकाळी राजरोस चालत होता. साहेबाच्या कचेऱ्यांतून तो आपल्याकडे आला, तिकडे मागे पडला, इकडे टिकला. आजच्या इंग्रजाला तो जुनाट वाटतो, त्यात वावगं काही नाही. पण जुनाट म्हणजे चूक नव्हे. आजी नऊवारी नेसते म्हणून ती चुकीची नेसते, असं म्हणतो का आपण?

आणि तो आपल्याकडे टिकला, कारण त्याची जागा तयारच होती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी पत्राच्या शेवटी बघा: 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'. बोलताना आपण म्हणतो, "तेवढं बघा हं जरा." समोरच्याला त्याचं काम कळतं, त्याला पायरी-पायरी सांगणं हा त्याचा अपमान, ही समज त्यामागे आहे.

आता ओमानमध्ये या. इथल्या अरबी कार्यालयीन पत्रांत 'इत्तिखाझ अल-लाझिम' असं येतं. अर्थ? जे आवश्यक ते करणे. हिंदीतलं 'लाज़मी' आठवा, तोच शब्द. म्हणजे रुवीतल्या एखाद्या ऑफिसात ओमानी मॅनेजर, मल्याळी अकाउंटंट आणि मराठी सीए यांच्यात 'काइंडली डू द नीडफुल' गेलं, तर तिघांच्याही कानाला ते घरचं वाटतं. कुणी हसत नाही. हसतं ते आपलंच मूल, आपल्याच घरात, आपण भरलेल्या फीच्या जोरावर.

आता दुसरी बाजूही मांडते. मी सीए आहे, जमा मांडली की खर्चही मांडावा लागतो.

कंपनीच्या मंदूबला तुम्ही लिहिलंत, "रेसिडेंट कार्ड संपतंय, प्लीज डू द नीडफुल," तर ते चोख आहे. कागद कुठला, फी किती, खिडकी कुठली, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पण हेच वाक्य नव्या मुलीला लिहिलंत, जिला काम माहीतच नाही, तर ते निरुपयोगी आहे. ती दोन दिवस गप्प बसेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही चिडाल.

तिसरा वापर सगळ्यात वाईट. जबाबदारी ढकलायची असते, तेव्हा माणूस आलेला ईमेल तसाच पुढे पाठवतो आणि वर लिहितो, 'डू द नीडफुल'. याचा भूतकाळ तर आणखी भारी: 'आय हॅव डन द नीडफुल'. ऑडिटमध्ये हे उत्तर आलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: काय केलं, कुणी केलं, कधी केलं, कागद कुठाय? ओमानमध्ये १६ एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट आला. रिटर्नची तारीख उलटून गेल्यावर 'मी नीडफुल करायला सांगितलं होतं' हा काही बचाव होत नाही.

म्हणजे दोष शब्दांत नसतो, कुणाला आणि कशासाठी लिहिलं त्यात असतो. हे मुलांना सांगा ना! "लंडनच्या प्रोफेसरला लिहिताना नेमकं काय हवंय आणि कधीपर्यंत, ते लिही. आजोबांनी तसं लिहिलं तर समजून घे, ते त्यांच्या कचेरीची भाषा लिहितायत." यात कुणाचीही लाज काढावी लागत नाही.

"अहो, पण बाहेर गेल्यावर मुलांना हसतील त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. हसतील कदाचित. म्हणून चार प्रकारचे वाचक आणि चार प्रकारची पत्रं शिकवा. पण बाहेरचे हसतील म्हणून आधी घरातच हसून घ्यायचं, हा कुठला हिशोब?

आणि ज्या पोराला 'डू'ची एवढी पारख आहे, त्याच्या मराठी 'कर'चं काय? फॉर्म भरून टाक, म्हणजे एकदाचा संपव. भरून ठेव, म्हणजे पुढे लागेल, तयार असू दे. भरून दे, म्हणजे दुसऱ्याचं काम आहे. भरून घे, म्हणजे स्वतःसाठी, किंवा दुसऱ्याकडून. भरून बघ, म्हणजे जमतंय का ते. आणि 'फॉर्म भरून बसला' म्हटलं, की झाला घोटाळा! एका छोट्या क्रियापदाने काम कुणाचं, कशासाठी आणि बोलणाऱ्याचा मूड काय, सगळं सांगून टाकलं. 'नीडफुल'मध्ये जे राहून जातं, नेमकं ते या टाक-ठेव-दे-घेमध्ये आहे. आपली मुलं सगळ्याला एकच 'कर' म्हणतात, नाहीतर 'फॉर्म फिल कर' म्हणतात. त्याची यादी कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही. त्याला कुणी चूक म्हणत नाही.

मला खरी भीती इथे वाटते. नाशिकला, सांगलीला बसलेले आजी-आजोबा नातवंडांशी बोलता यावं म्हणून मोडकंतोडकं इंग्रजी टाइप करतात. मराठी मेसेज नातवाला वाचता येत नाही, हे त्यांना कळून चुकलेलं असतं. नातू त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून मित्रांना दाखवतो. हळूहळू आजोबा लिहायचे थांबतात, नुसता गुड मॉर्निंगचा फोटो पाठवतात. या व्यवहारात कुणाचं किती बुडालं, ते तुम्हीच मांडा.

म्हणून विनंती. ती यादी पुन्हा आली तर फॉरवर्ड करू नका. आणि या शुक्रवारी, सगळे घरी असताना, मुलांना जेवणाच्या टेबलावर विचारा: 'करून टाक, करून ठेव, करून दे, करून घे' हे चारही इंग्रजीत सांगून दाखव. त्यांची भंबेरी उडेल. त्यांना हसू नका. समजावून द्या.