शेपटीची निवड आणि सरकीची निवड

आपल्या कापूस-ज्वारीच्या गावांतली पोरे आज चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबत आहेत. अशाच एका पोराच्या चाकणच्या खोलीवर आम्ही मध्यंतरी मुक्काम केला. पाळी संपवून आलेला गडी हातपाय धुऊन थेट फळीसमोर बसला. फळीवर ओळीने काचेच्या बरण्या, एकेका बरणीत एकच मासा. आम्ही मनात म्हटले, पोरगे वाया गेले. रात्री अकरापर्यंत त्याचे ऐकले आणि मत बदलले.

हा फायटर मासा, म्हणजेच बेट्टा. मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, रंगाने मातकट, आखूड परांचा. तिथल्या लोकांनी तो झुंजीसाठी पाळला. निदान चारशे वर्षे माणूस त्याची निवड करत आला आहे, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. लांब शेपट्या या निवडीतूनच आल्या. शेपटी पुरती १८० अंशांत उघडली तर हाफमून, परांच्या काड्या मुगुटासारख्या बाहेर आल्या तर क्राउनटेल, शेपटीचे दोन भाग असले तर डबलटेल.

नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि राखण करतो. अंडी घालून झाली की मादीला बाजूला काढावे लागते, नाहीतर नर तिला फाडतो. दीड-दोन दिवसांत पिल्ले निघतात. पुढे दोन-तीन महिने सांभाळावे, तेव्हा शेपटीचा घाट कळतो. शे-दोनशे पिल्लांत मनासारखी मोजकीच. तीच पुढच्या जोडीला ठेवायची. कोणाचा बाप कोण, आई कोण, सगळे त्या पोराच्या वहीत लिहिलेले.

त्याने एक गोष्ट सांगितली. डबलटेल साध्या शेपटीच्या माशाशी जोडला तर पहिल्या पिढीत एकही डबलटेल दिसत नाही. नवखा म्हणतो, बुडालो. पण त्याच पिढीतली भावंडे आपसात जोडली की सरासरीने चारांत एक डबलटेल निघतो. गुण मेलेला नसतो, दडलेला असतो.

शेतकरी भावांनो, संकरित कपाशीची घरची सरकी पेरली तर झाडे एकसारखी का येत नाहीत, याचे उत्तर त्या बरणीत आहे. १९७० साली सुरतच्या केंद्रातून संकर-४ आला, २००२ साली बीटी संकरित वाण आले. उत्पादन वाढले हे खरे. आम्हाला तंत्रज्ञान नकोसे नाही. पण त्याबरोबर दरसाल पाकिटाचे गिऱ्हाईक होणेही आले आणि झाड पारखणारा आपला डोळा मंदावला. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. निवडच करता येत नसेल, तर त्या हक्काचे लोणचे घालायचे काय?

निवडीची दुसरी बाजूही आहे. गिऱ्हाइकाला मोठी शेपटी हवी म्हणून ती वाढवत नेली की मासा पोहताना दमतो, पर फाटतात, कधी तो स्वतःचीच शेपटी चावतो. आपणही एकाच गुणामागे धावलो आहोत. बुटक्या संकरित ज्वारीने दाणा दिला, पण कडबा कमी केला आणि दावणीचा बैल उपाशी राहिला. उलट मोहोळच्या केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ दाणा आणि कडबा दोन्ही देत रब्बीत अजून उभी आहे.

मासे पाळा, असे आम्ही कोणाला सांगत नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आणि त्यावर अनुदान ठेवले. अनुदानातून टाकी येते, गिऱ्हाईक येत नाही. सगळ्यांनी टाक्या मांडल्या तर भावाचे काय होते, हे कापूसवाल्याला वेगळे सांगायला नको.

सांगायचे ते इतकेच. यंदा ज्वारी काढण्याआधी विळा बाजूला ठेवून एकदा शेतातून फिरा. सरळ वाणाच्या चांगल्या ताटांना सुतळी बांधा. दाणा बघा, कडबा बघा, पाण्याचा ताण कोणी सोसला ते बघा आणि वहीत लिहा. ती कणसे वेगळी मळा. कारखान्यात आठ तास राबून आपला पोरगा बरणीतल्या माशासाठी एवढे करतो. बांधावर उभे असलेल्या आपल्याला ते जड का जावे? पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही बरोबर आणा.