पहिल्या पावसातला डोंगर

जून सरता सरता बालाघाटाच्या उघड्या माळांवर हिरवी झाक येते आणि नांदेड-लातूरच्या बाजारपेठांतील कुटुंबांना रविवार मोकळा हवासा वाटू लागतो. पेरणीच्या दिवसांत बी-बियाण्यांची दुकाने सोडली तर इतर व्यापार तसा थंडच असतो. मग कोणी माहूरगडाची वाट धरतो, कोणी औसा तालुक्यातील खरोशाच्या लेण्यांची, तर कोणी कुंथलगिरीच्या दर्शनाला जोडून डोंगरावर पायी फिरण्याचा बेत आखतो. डब्यात खाकरे आणि दशम्या व्यवस्थित बांधलेल्या असतात. पायांत मात्र बहुधा साध्या चपला असतात. खरी अडचण येथूनच सुरू होते.

ज्या आठवड्यात माणूस डोंगरावर जातो, त्याच आठवड्यात बिळांत आणि कपारींत पाणी शिरते आणि तेथील रहिवासी कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. त्यांत मराठवाड्याला सर्वाधिक परिचित तो लाल विंचू. तो दगडाखाली, वाळल्या शेणाच्या गोवऱ्यांत, भिंतीच्या फटीत राहतो. चूल मांडण्यासाठी किंवा बसायला म्हणून कोणी दगड उचलतो आणि बोटाला नांगी लागते.

या विंचवाचा विषय निघाला की एका मराठवाडी डॉक्टरांचे नाव घ्यावेच लागते. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली कोकणात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तेथे रात्री-अपरात्री येत आणि त्यांपैकी कित्येक दगावत. त्या काळी यावर निश्चित उपचार नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, श्वास केव्हा लागला. मृत्यू हृदयावरील ताणामुळे आणि फुप्फुसांत पाणी साचल्यामुळे होतो, असे त्या नोंदींतून दिसले. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना दिले आणि चित्र पालटले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. वेळेवर औषध मिळू लागल्यावर हे प्रमाण अगदी अल्प झाले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चोख ठेवलेल्या नोंदवहीचे मोल व्यापारी घराला वेगळे सांगावे लागत नाही.

सहलीला निघालेल्या कुटुंबाने यातून एवढे ध्यानी ठेवावे, की वेदना फार असूनही हातपाय उबदार असतील तर विषबाधा बहुधा सौम्य असते. पण दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसले तर क्षणही दवडू नये. मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठणे बरे.

सापांचे थोडक्यात. खडकाळ माळावर फुरसे असते, वीतभर वा हातभर लांबीचे आणि मातीच्या रंगात मिसळलेले. त्याचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावते, परंतु परिणाम काही तासांनी दिसू शकतात. म्हणून ‘काही झाले नाही’ असे समजून घरी परतणे घातक ठरते. सरकारी दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का, हे पाहतात. जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे सारे वर्ज्य. दंशाचा अवयव स्थिर ठेवावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची काहीच गरज नसते.

वानरांची गोष्ट निराळी. तेथे अपघात माणूसच ओढवून घेतो. तीर्थाच्या पायऱ्यांवर बिस्किटे आणि केळी वाटणारी मंडळी त्याला जीवदया समजतात. प्रत्यक्षात हातातले खाणे हिसकावण्याची सवय त्या प्राण्याला लागते आणि पुढच्या रविवारी एखाद्या लहान मुलाच्या हातावर ओरखडा उमटतो. त्यात जीवाचे भले नाही आणि दयाही नाही. ओरखडा किंवा चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी.

मधमाश्या मात्र खऱ्या अर्थाने सावध करणाऱ्या आहेत. मार्च 2025 मध्ये शिवनेरी किल्ल्यावर त्यांनी पर्यटकांवर हल्ला केला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. आग्या मोहोळ उंच कड्यावर उघडेच लटकते. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे वा आरडाओरडा यांनी ते बिथरते. एका माशीने डंख मारला की त्या जागी जो वास सुटतो, तो इतर माश्यांना तेथेच बोलावतो. म्हणून जागेवर हात झटकत उभे न राहता तोंड झाकून सरळ लांब पळावे. पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात. कातडीत रुतलेला काटा नखाने लगेच खरवडून काढावा. ज्या घरांत मध वर्ज्य आहे, त्यांना पोळ्यापासून दूर राहण्यास वेगळे कारण नको.

जैन मुनींची ईर्यासमिती, म्हणजे पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकणे, ही जीवरक्षेसाठी सांगितलेली आहे. डोंगरवाटेवर तीच चालणाऱ्याच्या पायाचेही रक्षण करते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या कुटुंबाला काळोख पडण्याआधी पायथा गाठण्याची घाई आपसूकच असते. साप-विंचू रात्रीच अधिक फिरतात, हे पाहता ही घाई सोयीचीच.

राहता राहिली पादत्राणे. मंदिराच्या पायऱ्यांपाशी काढून ठेवलेल्या ओलसर बुटांत दर्शन होईतो एखादा विंचू सुखाने विसावतो. परतताना मुलांचे बूट आधी उलटे करून दगडावर दोनदा आपटावेत, मग त्यांना घालू द्यावेत.